मोटर जळाली म्हणे!

"गुरुजी, या मीटरला मुलीनं हात लावला तर काटा तुटतो का?"

विचारून झालं आणि विमल तशीच उभी राहिली. तीस-पस्तीस पोरं एकदम फिसकली. मागच्या बाकावर कुसुम आणि शारदा खाली माना घालून अशा बसल्या, की ही कोण बाई पोरगी, आपल्या ओळखीची नाही. पैज मात्र त्यांचीच होती. मधल्या सुट्टीत चिंचेखाली कुसुम म्हणाली होती, "इचारशील तं खरी भिकन महाजनाची पोर. नही तं नुसतीच तोंडाची वाफ." दोन कैऱ्या लागल्या होत्या पैजेला, मिठासकट.

वर्षाच्या सुरुवातीला ही विमल हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. दिवाळीनंतर चार बोटं उंची काय वाढली, आवाजही वाढला. आता बहादरपुरात ती गल्लीच्या या टोकाला हसली की त्या टोकाची म्हातारी विचारायची, "आली का भिकनची भवानी शाळेतून?"

प्रश्न काही उगाच नव्हता. तीन दिवस झाले, लीलाधर गुरुजी स्वतःचा मीटर वर्गात आणत होते. पाटीएवढी काळी पेटी, खांद्याला अडकवायला चामडी पट्टा, काचेखाली केसाएवढा बारीक काटा आणि दोन तारा, एक तांबडी, एक काळी. शाळा सुटल्यावर गुरुजी बऱ्हाणपुरात रेडिओ दुरुस्त करायचे, तिथलं हे हत्यार. पोरांची रांग लागायची. जो तो बॅटरीच्या सेलला तारा लावून बघायचा, आणि मागच्या बाकावरच्या पाच मुलींची बारी यायच्या आत घंटा व्हायची. तिन्ही दिवस.

गुरुजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. "ये पुढे."

त्यांनी पेटीवरची खुंटी फिरवली. "ही दोन टोकं चिमटीत धर. दोन हातांत दोन."

विमलनं धरली. काटा डावीकडून जरासा उठला आणि थरथरत राहिला.

"तुटला?"

"नाही गुरुजी. हलला."

"देवराम, आता तू धर."

पुढच्या बाकावरच्या दांडग्या देवरामनं धरली. काटा जागचा उठेचना. मागून शारदा ओरडलीच, "गुरुजी, देवरामचा काटा मेला!"

"गप्प! त्याचे हात राठ आहेत, कोरडे आहेत, कुदळ धरतो तो. हिच्या हाताला घाम सुटलाय, म्हणून हिच्यातून वाट मिळते." गुरुजी विमलकडे वळले. "घाबरलीस ना?"

"घाबरले नाही गुरुजी. गरमी होऊ राहिली."

त्या दिवशी ती टेबलापासून हललीच नाही. आधी ठरवायचं, मोजायचं काय. विजेचा दाब मोजायचा तर खुंटी सगळ्यात मोठ्या आकड्यावर, मग हळूहळू खाली. तार सलग आहे का तुटली ते बघायचं तर आधी करंट बंद, मग दोन्ही टोकं एकमेकांना लावून काटा शून्यावर आणायचा. आणि चालू तारेवर काम करताना एक हात खिशात, म्हणजे झटका छातीतून जात नाही.

"परकराला खिसा नसतो, गुरुजी."

"मग पाठीवर ठेव. पण दोन्ही हात पुढे दिसले तर मीटर काढून घेईन."

*

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन तीन आठवडे झाले होते. ऊन असं, की केळीची पानं दुपारी मधोमध दुमडून खाली पडल्यासारखी लोंबायची.

विहीर दोघांची, भिकनची आणि त्याच्या चुलतभावाची, चुडामणची. तीन दिवस त्याचं पाणी, तीन दिवस याचं. दोन वर्षांपूर्वी शेतात विजेच्या तारा आल्या तेव्हा दोघांनी मिळून मोटर बसवली, मोटेचे बैल विकले, त्यांच्या उतरत्या धावेवर आता शेळ्या बसायच्या. म्हणजे मोटर बंद तर विहिरीतलं पाणी विहिरीतच.

त्या दिवशी भिकनची बारी सुरू झाली. त्यानं मोटरीच्या खोलीत जाऊन चालू करायचा दांडा वर केला. रोज मोटर एक गचका देऊन पळायची. त्या दिवशी ती नुसती गुंऽऽ करत राहिली, बाटलीत माशी अडकल्यासारखी. भिकननं घाईनं दांडा पाडला. पुन्हा केला. पुन्हा गुंऽऽ. गरम वार्निशचा वास सुटला.

चुडामणनं शहरातून गजानन मिस्तरीला बोलावलं. मिस्तरी सायकलवरून आला, हँडलला पिशवी, पिशवीत दोन तारा लावलेला बल्ब. अख्ख्या शिवाराचा या बल्बावर विश्वास. बल्ब लागला म्हणजे करंट आहे, नाही लागला म्हणजे नाही. त्यापुढं कोणी काही विचारायचं नाही.

"दांडा धरून ठेव रे," मिस्तरी म्हणाला. भिकननं धरला. मोटर गुणगुणत होती. मिस्तरीनं बल्बाची एक तार लोखंडी पाइपाला बांधली आणि दुसरी एकेका स्क्रूला टेकवली. लागला. लागला. तिसऱ्यावरही लागला. दाराशी उभी असलेली विमल डोळे बारीक करून बघत होती. बाहेर बाराचं ऊन रणरणत होतं, त्या उजेडात बल्ब लागलेला तेवढा कळत होता.

"सोड दांडा. लाइन बरोबर हाये." मिस्तरी मोटरीजवळ वाकला आणि आई पोराचं डोकं हुंगते तसा त्यानं तिचा वास घेतला. "जळाली. खोलून सगळी तार नवी भरा लागेल."

"किती दिवस?" भिकननं विचारलं.

"दहा-बारा पकडा. अन् आत्ता दुकानात जागा भी नही, सीझन हाये. चार दिवसांनी गाडी घेऊन येतो, उचलून नेतो."

चुडामणनं टोपी काढून झटकली. "जळाली कोनाच्या बारीत?"

भिकन मोटरीकडे बघू लागला.

"इचारू राहिलो, कोनाच्या बारीत?"

"माह्या."

"मंग बोलनंच खुंटलं. मोटर दुरुस्त तू करून आन. अन् येईल तवा पहिले पंधरा दिवस पानी माहं. माहेभी घड उघडे पडले हायेत उन्हात."

चार दिवस गाडीचे, दहा दिवस दुरुस्तीचे, पंधरा दिवस चुडामणचे. एकोणतीस दिवस पाण्याशिवाय केळी, अशा उन्हात. भिकनला हिशेब कळत होता, पण तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. विमलला त्या अंगठ्याचा एवढा राग आला, की तिनं तोंड फिरवलं.

*

मग पोहरा आला. माळ्यावरचा जुना पोहरा, त्याला नवा दोर. भिकन ओढायचा, मालूबाई आणि विमल हंडे भरून पळायच्या. सगळ्या बागेला पुरणं शक्यच नव्हतं. ज्या खोडांना घड लागले होते तेवढीच निवडली. एका आळ्यात दोन हंडे. माती चर्र करून पिऊन टाकायची आणि पुन्हा तशीच भेगाळून बघायची.

दुसऱ्या दिवशी मालूबाईच्या मानेत उसण भरली. ती मान वाकडी ठेवूनच हंडा वाहू लागली. विमलच्या टाळूवर चुंबळीखाली पाण्याचा फोड आला. भिकनच्या तळहातांची साल निघाली. दोराला रक्त लागायला लागलं तेव्हा त्यानं हातांना केळीच्या खोडाचा सोपट गुंडाळला.

चुडामणची आई धुरपदाबाई रोज सकाळी राखुंडी लावत विहिरीच्या आंब्याखाली बसायची. तिला दात तीनच होते, पण घासायची सगळे.

"विमले, पानी सांडू राहिली ना. शाळेत हंडा धरनं नही शिकवत वाटते?"

"नही आजी. शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यात हंडाच नही."

"घ्या! तोंड पहा पोरीचं!" म्हातारी खूश होऊन थुंकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर भाकरी खाताना विमलनं विषय काढला. "अप्पा, मोटर जळाली हे कोनी पाह्यलं?"

"मिस्तरीनं."

"त्यानं नुसता वास घेतला."

"वीस वर्साचा मिस्तरी हाये तो," मालूबाई वाकड्या मानेनं म्हणाली. "तू तोंड चालू नको, हात चाल."

"गुरुजींच्या मीटरनं मोजता येते माय. जळाली का नही ते."

"आता शाळेचं नाव काढू नको माह्यासमोर. सिटीत मुलींच्या शाळेत पाठवू म्हनत व्हते तुहे अप्पा, गृहविज्ञानाले. ते भी आता बाग वाचली तं."

नववीला विषय निवडायचे होते. नागपूर सुटून भोपाळ राजधानी झाल्यापासून फॉर्म हिंदीत यायचे. विमलचा फॉर्म देवघराच्या कोनाड्यात कुंकवाच्या डबीखाली कोराच पडला होता. मुलींच्या शाळेत विज्ञान नव्हतं. ते शहरातल्या पोरांच्या शाळेत होतं, आणि तिकडचं नाव घरात अजून कोणी घेतलं नव्हतं.

भिकननं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग म्हणाला, "मास्तर देतील मीटर?"

*

लीलाधर गुरुजी शाळेमागच्या खोलीत ट्रंक भरत होते. पेपर तपासायला सकाळच्या गाडीनं खंडव्याला जायचं होतं.

"दोन दिवसांनी येईन. तेव्हा येऊन बघतो तुमची मोटर."

"दोन दिवसांनी मोटर बघायला राहणार नाही, गुरुजी. उद्या गाडी येणार. एकदा उचलून नेली, खोलली, की मग ती जळालीच होती असंच म्हणतील. मीटर द्या ना."

"नाही."

"गुरुजी, द्या."

"अगं चारशेचा दाब असतो तिथं. टॉर्चचा सेल आहे का तो?"

"एक हात पाठीवर ठेवीन. पायात अप्पांच्या वहाणा घालीन. खाली कोरडी फळी ठेवीन. आणि तुम्ही सांगाल तेवढंच करीन, जास्त नाही."

गुरुजींनी ट्रंकेचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग खाली बसून बोटानं धुळीत तीन ठिपके काढले. "या तीन तारा. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. तिन्ही जोड्या मोजायच्या, एकही सोडायची नाही. चारशेच्या आसपास तिन्ही सारख्या हव्यात. आधी फ्यूजच्या वर, मग खाली. आणि मोटरीचा दांडा खाली, ते विसरू नकोस. मोटरीतून करंट उलटा फिरून येतो आणि मेलेल्या तारेलाही जिवंत दाखवतो."

"म्हणजे... मिस्तरीनं दांडा वर धरायला लावला होता!"

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. "धरायला लावला होता?"

"अप्पांनी धरला होता. मी दारात होते."

मीटर मिळाला.

*

सकाळी सूर्य कासराभर वर आला नव्हता. मोटरीच्या खोलीत भिकन, मालूबाई आणि विमल. बापाच्या वहाणा तिला एवढ्या मोठ्या, की बदकासारखं चालावं लागत होतं.

आधी लाइनचा मोठा खटका बंद. मोटरीच्या डबीचं झाकण भिकननं पान्यानं उघडलं. विमलनं दोन टोकं एकमेकांना लावून काटा शून्यावर आणला आणि मोटरीची तीन टोकं दोन-दोन करून बघितली. तिन्ही वेळा काटा एकाच रेघेवर. मग एक टोक मोटरीच्या अंगाला. काटा हललाच नाही.

"म्हंजे?" मालूबाई कुजबुजली, खोलीत कोणी आजारी असल्यासारखी.

"म्हंजे जळाली नही! जळाली असती तं तिन्ही सारखे आले नसते. अंगालेभी करंट लागला असता. माय, मोटर चांगली हाये!"

"हळू बोल. कोनी ऐकलं तं?"

"ऐकू दे ना!"

डबी बंद केली. मोठा खटका चालू. आता चालू तारा. विमलनं डावा हात पाठीवर नेला आणि परकराची गाठ घट्ट धरली. खुंटी फिरवून पाचशेवर आणली होती. मीटर खिळ्याला टांगला, काळी तार वरच्या पहिल्या स्क्रूला चिमट्यानं अडकवली. ते गुरुजींनी दाखवलं होतं. उजव्या हातानं तांबडं टोक दुसऱ्या स्क्रूला टेकवलं.

काटा ढिम्म.

तिसऱ्याला. ढिम्म.

भिकननं श्वास सोडला. "लाइनच नही का मंग?"

"बल्ब तं लागला व्हता," मालूबाई म्हणाली. "बिघडवला वाटते तू मास्तरचा मीटर. आता ते कुठून भरून द्याचं?"

विमलच्या कानशिलांवरून घाम ओघळला. हात मागं घेतला. खुंटीकडे बघितलं. आकडा मोठाच होता, पाचशे. मग? मग तिला दिसलं. पाचशे दोन होते, एक डाव्या बाजूला सेल-बॅटरीचा, एक उजव्या बाजूला घरातल्या, शेतातल्या विजेचा. खुंटी सेलच्या बाजूला होती. वर्गात तीन दिवस सेलच मोजले होते ना सगळ्यांनी!

"मी बैल हाये," ती मोठ्यानं म्हणाली आणि खुंटी फिरवली.

काटा सप्पकन उठला. तीनशे नव्वद. दुसरी जोडी, तीनशे नव्वद. तिसरीही. वरून तारा तिन्ही जिवंत होत्या. आता फ्यूजच्या खाली. पहिली-दुसरी, तीनशे नव्वद. दुसरी-तिसरी, काटा उठलाच नाही. तिसरी-पहिली, नाही.

"तिसरी," विमल म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "अप्पा, खटका बंद करा. तिसरा फ्यूज काढा."

भिकननं चिनी मातीचा पांढरा फ्यूज ओढून काढला. आतली तार धडधाकट दिसत होती. विमलनं मोजली, सलग होती. भिकनचं तोंड पुन्हा पडलं. पण तिनं टोक तारेवरून सरकवून फ्यूजच्या पितळी जिभेवर नेलं, जी खाचेत जाऊन बसते. काटा पडला. जीभ अर्धी काळी पडली होती आणि उरलेल्या अर्ध्यावर पापुद्रा होता. नखानं खरवडला.

पिवळा.

तिघंही त्या पिवळ्या भुकटीकडे बघत राहिले. मालूबाईनं बोट लावून हुंगली. "अगं बाई. हळद."

आखाजीला चुडामणच्या घरून मोटरीची पूजा झाली होती. म्हातारीला झटका बसू नये म्हणून चुडामणनं स्वतः खटका पाडून तिन्ही फ्यूज काढून तिच्या हातात दिले होते, आणि धुरपदाबाईनं तीन देव मांडावेत तसे ते पाटावर मांडून ओल्या हळदीची बोटं ओढली होती. दोन फ्यूजांच्या मातीवर नुसते टिळे होते. तिसऱ्याची जीभ जास्त चमकत होती. मातीवर टिळा लावून झाल्यावर तिलाही म्हातारीनं मनापासून माखलं होतं.

मालूबाई घरून चिंचेचा गोळा आणि राख घेऊन आली आणि पूजेची भांडी घासावी तशी तिनं जीभ घासली. खाचेतली काजळी भिकननं काडीच्या टोकाला कापड गुंडाळून पुसली. सगळं पदरानं कोरडं केलं, पुन्हा उन्हात ठेवलं, पुन्हा मोजलं.

फ्यूज बसवला, खटका चालू केला आणि भिकननं दांडा वर केला. मोटरीनं गचका दिला आणि ती पळाली. पाइप दोनदा खोकला, गढूळ ओकला, मग मनगटापेक्षा जाड पाणी पाटात आदळलं. मालूबाई वाकड्या मानेनं तशीच पाटात उभी राहिली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजेतो. विमल बापाच्या वहाणांसकट नाचली आणि एक वहाण पाण्यात वाहून गेली.

*

गाडी आली तेव्हा पाणी चौथ्या वाफ्यात होतं. गाडीवर चुडामण, गजानन मिस्तरी आणि पाय मोकळे करायला आलेली धुरपदाबाई.

चुडामण पाटाकडे बघत खाली उतरला. "हे काय? कोनी चालू केली?"

भिकननं फावडं रोवलं. विमल त्याच्या शेजारीच होती, खांद्याला मीटर.

"मास्तर आले व्हते," भिकन म्हणाला. "सकाळीच. त्यायनं पाह्यली."

विमलनं बापाकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

"लीलाधर मास्तर?" चुडामणची छाती जरा खाली बसली. "मंग ठीक. शिकेला मानूस हाये. काय व्हतं म्हने?"

"ते... करंट कमी येत व्हता."

"कमी कसा येईल?" मिस्तरी पुढं झाला. "बल्ब लागला तिन्हीवर, तुमच्यासमोर लागला. मास्तरनं काय केलं, ते सांगा ना. आपनभी शिकू."

"ते त्यायलेच मालूम," भिकन म्हणाला आणि त्याचा अंगठा पुन्हा जमीन उकरू लागला.

"मंग जुगाड केला असेल मास्तरनं," मिस्तरी चुडामणला म्हणाला. "आज चालली, उद्या धूर निघेल. जळेली मोटर जळेलीच असते शेट. मी म्हनतो, उचलून न्या."

"उचला," चुडामण म्हणाला. "अन् भिकन, ठरलं ते ठरलं. पंधरा दिवस."

"मास्तर खंडव्याले गेले," विमल म्हणाली. "सकाळच्या गाडीनं. मोटर मी पाह्यली."

"विमल!" भिकन.

"मी पाह्यली, काका. अन् जळाली नही. मिस्तरीभाऊ, तुमचा बल्ब हाये ना सोबत? आना."

मिस्तरी हसला. चुडामण हसला. धुरपदाबाई मात्र गाडीवरून सरसावून बसली. "आन ना रे बल्ब. पाहू तं दे, पोरगी काय करते."

विमलनं मोटर बंद करायला लावली. मोठा खटका पाडून तिसरा फ्यूज स्वतः काढला आणि चुडामणच्या हातात दिला. "आता तिसरी तार तुटली. तुमच्या हातात हाये तिचा फ्यूज. बरोबर?"

"बरोबर."

"खटका चालू करा. अप्पा, दांडा धरा."

गुंऽऽ. तोच आवाज.

"आता लावा बल्ब. तिसऱ्यावर, फ्यूजच्या खाली."

मिस्तरीनं लावला. बल्ब लागला. फ्यूज चुडामणच्या मुठीत, आणि बल्ब लागलेला. चुडामणनं मूठ उघडून बघितली, फ्यूज खरंच तिथं होता.

"अप्पा, सोडा दांडा."

बल्ब विझला.

मिस्तरीनं टोक काढून पुन्हा टेकवलं. विझलेलाच. त्यानं कानामागची बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानामागं ठेवली.

"मोटरीतून उलटा येते," विमल म्हणाली. "अन् पिवळा लागते, मंद. दुपारच्या उन्हात पिवळा का पांढरा कोनाले दिसते? मीटरले दिसते. त्यात आकडा हाये."

"सही हाये," मिस्तरी हळूच म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "पोरीचं सही हाये शेट. चूक माही झाली. दांडा खाली पाहिजे व्हता."

"पन फ्यूज गेला कसा?" चुडामणनं शेवटचा पाय रोवला. "गेला तं याच्याच बारीत ना?"

विमलनं त्याच्या मुठीतल्या फ्यूजच्या मातीवरचा वाळका टिळा दाखवला. "असा टिळा या पितळेवरभी व्हता. हळद आत वाळली, तिथी ठिनग्या उडाल्या, काळं झालं. आखाजीची पूजा कोनाच्या बारीत व्हती, काका?"

"माह्या हळदीनं?" धुरपदाबाई गाडीवरून जवळजवळ उतरलीच. "हळदीनं कधी कोनाचं वाईट झालं का गं?"

"मातीले लावली असती तं नसतं झालं, आजी. तुमी पितळेले लावली."

"चमकते तिथीच तं देवाचं तोंड! तिथी नही लावू तं कुठी लावू?" आणि ती लेकावर फिरली. "अन् मले काय समजते? तूच तं काढून देले हातात! म्हने, घे माय, पूज!"

मिस्तरी पाठमोरा होऊन खोकला. चुडामणनं फ्यूज विमलच्या हातात दिला, बराच वेळ टोपी झटकली.

"बरं. बारी तुही तुले," तो भिकनला म्हणाला. "पंधरा दिवसाचं राहू दे." गाडीवर चढताना मात्र तो वळलाच. "पन पोरीले आवर. बापाले चार मानसांत खोटा पाडते. नववी-बिववी पुरे झालं आता हिले."

*

दुपारी घरात कळण्याची भाकर आणि कांदा. भिकन भिंतीकडे तोंड करून जेवत होता. मालूबाई तव्यावरून भाकरी उतरवायची आणि कोणाच्या ताटात टाकायची हेच तिला कळेना झालं होतं.

"खोटा पाडला मले," भिकन भिंतीला म्हणाला.

"मी नही पाडला, अप्पा. तुमी बोलले."

"विमल!" मालूबाईचा हात हवेतच राहिला.

"बारी वाचावी म्हनून बोललो," भिकन आता वळला. डोळे लाल होते, उन्हानं की कशानं. "पोरीनं केलं म्हटलं असतं तं हसला असता अन् मोटर गाडीवर टाकली असती. तुले नही समजत. मले लहानपनापासून मालूम हाये तो चुडामण."

"हसला ना. हसू देलं. मंग बल्ब लावला." विमलनं ताट बाजूला सारलं. तिच्या टाळूवरचा फोड सकाळी फुटला होता, तिथं मालूबाईनं खोबरेल लावलं होतं, ते आता कपाळावर उतरत होतं. "मास्तरचं नाव सांगितलं तं तो मोटर उचलाले निंघाला. मंग बारी कोनाच्या नावानं वाचली, अप्पा?"

भिकननं कांद्याची पाकळी तोडली. खाल्ली नाही.

ती उठली. देवघराच्या कोनाड्यातून कुंकवाची डबी उचलली, खालचा फॉर्म काढला. आता तो कोरा नव्हता. पाट भरता भरता, सगळे पाण्यामागं असताना ती घरी येऊन भरून गेली होती. एका कोपऱ्याला ओल्या बोटांचा ठसा उठला होता. तिनं तो बापाच्या ताटाशेजारी जमिनीवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर पाण्याचा तांब्या.

"सोमवारी द्याचा हाये," ती म्हणाली. "गृहविज्ञानावर काट मारली मी, माय. विज्ञान लिहिलं. ते मुलींच्या शाळेत नही, पोरांच्या शाळेत हाये, मले मालूम हाये. सगळा वर्ग पोरांचा राहील अन् मी एकली राहील, तेभी मालूम हाये. मी जानार हाये. खाली सहीची जागा मोकळी सोडली, अप्पा. तुमची सही मले हुबेहूब येते, पन मी करनार नही. ती तुमीच करा, तुमच्या हातानं."